आक्रमण रानमोडीचं आणि लोंढा गुरख्यांचा

संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या पेपरात एकाच आठवड्यात दोन बातम्या वाचल्या, एकीचं हेडिंग रानमोडीचं (डोंगरावर माजणारं ते झुडूप) आक्रमण आणि दुसरीचं नेपाळी कामगारांचे लोंढे. पहिलीत परकी, घुसखोर, विळखा. दुसरीत परप्रांतीय, सुळसुळाट आणि परत विळखा. मला वाटलं एकाच माणसाने लिहिल्यात, पण वार्ताहर वेगळे निघाले.

मी देवगड तालुक्यातला छोटा आंबा बागायतदार. रानमोडीची बाजू घेतोय असं समजू नका, दरवर्षी ती तोडायला मजुरी मोजतो, गुरं तिला तोंड लावत नाहीत आणि उन्हाळ्यात वाळली की वणवा थेट बागेत शिरतो. पण आक्रमण म्हटलं की कोणीतरी फौज घेऊन चालून आलंय असं वाटतं ना. ती मूळची अमेरिका खंडातली, १८४० च्या दशकात साहेबाने कलकत्त्याच्या बॉटनिकल गार्डनमधे शोभेला आणली, आणि मग जिथे जिथे आपण जंगल तोडून डोंगर बोडके केले, रस्ते काढले, तिथे तिथे ती माजली. दाट सावली तिला मानवत नाही, म्हणून चांगल्या राखलेल्या राईत ती फारशी दिसत नाही. बातमीत मात्र गुन्हेगार एकटी रानमोडीच. जेसीबीचं आक्रमण असं हेडिंग मी आजवर कुठे वाचलेलं नाही.

आणि परकं म्हणायचं तर काजू कुठला हो? पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला. आज वेंगुर्ला काजूला जीआय टॅग (त्या भागाची खास वस्तू म्हणून सरकारी ओळख) आहे आणि आपण तो पाहुण्यांना कोकणचा मेवा म्हणून देतो. किनाऱ्यावरचं सुरूचं बन, पर्यटक तिथे फोटो काढतात, तो सुरू मूळचा ऑस्ट्रेलियाकडचा, सरकारनेच लावलेला. मिरची तर सोडूनच द्या, तिला परकी म्हटलं तर मालवणी मसाल्यात उरेल काय. म्हणजे पैसे मिळाले की झाड आपलं आणि नाही मिळाले की आक्रमक, असा हिशोब दिसतो.

हा आक्रमण शब्द झाडा-प्राण्यांसाठी गाजवला चार्ल्स एल्टन नावाच्या इंग्लिश शास्त्रज्ञाने, १९५८ च्या पुस्तकात. दुसऱ्या महायुद्धात तो ऑक्सफर्डला धान्य खाणाऱ्या उंदीर-सशांचा बंदोबस्त कसा करावा यावर काम करत होता, त्यामुळे लढाईची भाषा त्याच्या तोंडात असणार हे समजू शकतो. पण लढाई संपली तरी शब्द राहिले आणि झाडांवरून माणसांवर कधी आले कळलंही नाही (की माणसांवरून झाडांवर, कोण जाणे). २०११ मधे १९ शास्त्रज्ञांनी नेचर या विज्ञान साप्ताहिकात लिहिलं की एखादी जात कुठून आली यापेक्षा ती इथे करते काय ते बघा. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने २०१४ मधे एशियन कार्प या माशाचं सरकारी नाव बदललं, आशियाई लोकांना वाईट वाटतं म्हणून, आणि नवीन नाव काय ठेवलं तर इन्व्हेसिव्ह कार्प, म्हणजे आक्रमक कार्प! आशिया गेला, आक्रमण राहिलं. त्याच अमेरिकेत २०२५ मधे ट्रम्पनी शपथ घेतली त्या दिवशी दक्षिण सीमेबद्दल जे फर्मान काढलं त्याच्या नावातच इन्व्हेजन, म्हणजे आक्रमण आहे. माझी भाची न्यू जर्सीत असते, तिचा त्या सीमेशी काही संबंध नाही, तरी ती फोनवर म्हणाली की मामा हल्ली दुकानात मराठी बोलताना आवाज आपोआप बारीक होतो.

आपल्याकडे काही वेगळं नाही. २०१८ मधे अमित शहांनी भर सभेत बांगलादेशी घुसखोरांना वाळवी म्हटलं. वाळवी तर बिचारी इथलीच, पण ते राहू दे. वाळवी म्हटल्यावर पुढे काय करायचं हे कोणाला सांगावं लागत नाही, घराघरात औषध असतं.

आता माझ्या बागेतले गुरखे, म्हणजे हेच नेपाळी कामगार. मोहराच्या आधी येतात, वानरांपासून राखण करतात, फवारणी, आंबे काढणं, पेट्या भरणं सगळं तेच, आणि पाऊस पडायच्या आत परत जातात. १९५० च्या करारामुळे नेपाळी माणसाला इथे राहायला आणि काम करायला मुभा आहे, त्यामुळे घुसखोरी कसली, आणि परप्रांतीय तरी कसे, नेपाळ हा प्रांत नाहीये. आमची स्वतःची पोरं मुंबईला गेलीत म्हणून हे इथे आलेत. आमचे आजे-पणजे गिरणीत भरती व्हायला बोटीने मुंबईला गेले त्यांना आपण चाकरमानी म्हणतो, गणपतीत त्यांच्यासाठी जादा गाड्या सोडतात. लोंढा हा शब्द आम्ही व्हाळाला (ओढ्याला) जुलैत पाणी येतं त्यासाठी वापरतो, त्यात गुरं-ढोरं वाहून जातात. गेल्या हंगामात माझ्याकडे चौघे आले, एसटीने, तिकीट काढून.

तेव्हा विनंती एवढीच की माणसं किती आली, कोणी बोलावली, मजुरी किती मिळते ते छापा. आणि रानमोडी फुलायच्या आधी, दिवाळीच्या आसपासच मुळासकट उपटावी लागते, एकदा बी धरलं की वाऱ्याने डोंगरभर जातं, हे तुमच्या अख्ख्या पानभर बातमीत कुठेच नव्हतं.

आपला,
एक बागायतदार, ता. देवगड