पुस्तकांच्या पीडीएफ समूहावर पाठविण्याबाबत सूचना

सर्व सभासदांना विनंती आहे की, कॉपीराइट असलेल्या पुस्तकांच्या पीडीएफ समूहावर पाठवू नयेत आणि आधी पाठविलेल्या काढून टाकाव्यात. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे हक्क कायम राहतो. त्यामुळे 1964 पर्यंत निधन झालेल्या लेखकाचे, हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन आता मुक्त आहे, मात्र त्याचा अलीकडे झालेला अनुवाद किंवा नवी प्रस्तावना मुक्त असेलच असे नाही. ‘आलेले फक्त पुढे पाठविले’ या सबबीने जबाबदारी टळत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 79 चे, इतरांनी पाठविलेल्या मजकुराच्या जबाबदारीपासूनचे, संरक्षण मध्यस्थ सेवेसाठी (म्हणजे मजकूर पोहोचविणाऱ्या ॲप किंवा संकेतस्थळासाठी) आहे, फाइल पाठविणाऱ्यासाठी नाही. मराठी पुस्तकांच्या आवृत्त्या मुळातच लहान असतात. अशी फुकट फिरणारी प्रत लेखकाच्या मानधनावरच घाला घालते. परीक्षणापुरता उतारा, लेखकाच्या नावासह, अवश्य द्यावा.