उट्रेख्टला निघालेल्या लेकीस

पुणे

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

नेदरलँड्समध्ये, उट्रेख्टला पोहोचल्यावर काही दिवस बसने फिरून मग सायकल घ्यावी की लगेच घ्यावी, असे तू विचारले आहेस. लगेच घे. बसच्या खिडकीतून थांब्यांची नावे पाठ होतात, शहर मात्र कळत नाही. नोकरीनिमित्त तिथे राहिलो असताना जे ध्यानात आले, त्यातले तुझ्या उपयोगाचे तेवढे लिहितो.

तू कर्वे रस्त्यावर स्कूटर चालवली आहेस, त्यामुळे गर्दीची भीती तुला वाटणार नाही, आणि मला काळजी नेमकी त्याचीच आहे. आपल्याकडे वाहन चालवणे म्हणजे समोरच्याच्या मनाचा अंदाज घेत, फट दिसली की शिरणे. तिथे याच्या उलट चालते. तू आता काय करणार आहेस, हे आजूबाजूच्या प्रत्येकाने आधीच गृहीत धरलेले असते आणि त्या हिशेबानेच तो तुझ्यापासून वीतभर अंतरावरून वेगाने निघून जातो. म्हणून आपली ओळ सोडायची नाही, उजवी कड धरून एका वेगाने जायचे, वळण्यापूर्वी डाव्या खांद्यावरून मागे पाहून हात स्पष्ट लांब करायचा, आणि नकाशा पाहायचा असेल तर सायकलमार्गावरून पूर्ण बाजूला होऊन थांबायचे. जाण्याचा हक्क आपला असताना सौजन्य म्हणून दुसऱ्याला पुढे जाऊ देणे हेही तिथे घोटाळ्याचे ठरते, कारण मागचे सायकलस्वार तू जाणार असे समजूनच येत असतात.

हक्क कोणाचा, हे रस्त्यावरच लिहिलेले असते. चौकात जमिनीवर पांढऱ्या त्रिकोणांची रांग दिसेल. त्यांची टोके तुझ्याकडे असतील तर तू थांबायचे, दुसऱ्याकडे असतील तर त्याने. ज्या छोट्या चौकात त्रिकोण नाहीत, फलक नाही आणि सिग्नलही नाही, तिथे उजवीकडून येणारा आधी जातो. पूर्वी अशा चौकात सायकलस्वाराला मोटारीसाठी थांबावे लागे. 2001 सालापासून उजवीकडून येणाऱ्या सायकललाही तोच मान मिळाला. निवासी भागातल्या शांत गल्ल्यांमध्ये हा नियम फार लागतो, आणि नवखा माणूस तिथेच चुकतो, कारण मोठ्या रस्त्यावर लाल डांबराचा वेगळा मार्ग आणि सायकलींचा स्वतंत्र सिग्नल त्याला सांभाळून घेत असतात. गोल चौकांत सायकलला अग्रहक्क आहे की नाही, हे गावात आणि गावाबाहेर बदलू शकते. तिथेही आठवणीवर न जाता त्रिकोणच पाहा.

उजव्या बाजूने चालण्याची सवय लवकर होते, पण ती कधी सुटते हे लक्षात ठेव. गर्दीत माणूस इतरांच्या मागे जातो, त्यामुळे चुकत नाही. पहाटे रिकाम्या रस्त्यावर, दुकानातून बाहेर पडून सायकलवर बसताना किंवा एकेरी गल्लीतून वळताना हात नकळत डावीकडे नेतात. पहिले काही आठवडे निघण्यापूर्वी क्षणभर थांबून बाजू मनाशी म्हणून घे.

सायकल जुन्या पद्धतीची घेतलीस, तर हँडलवर ब्रेक नसण्याचीही शक्यता आहे. पेडल उलटे दाबले की मागचे चाक थांबते. याचा एक परिणाम आधी कोणी सांगत नाही. सिग्नलला उभे असताना पेडल मागे फिरवून सोयीच्या जागी आणता येत नाही, म्हणून थांबतानाच एक पेडल वर राहील असे थांबावे लागते. तिथली माणसे उंच, त्यामुळे सायकलींच्या चौकटीही उंच असतात. सीटवर बसून पायांची बोटे जमिनीला टेकतात ना, हे दुकानातच पाहून घे. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा अंधारात सक्तीचा आहे, आणि 1 जुलै 2019 पासून सायकल चालवताना फोन हातात धरणे हा गुन्हा आहे. कॅरिअरवर मैत्रिणीला बसवायला मात्र हरकत नाही, हे वाचून डबलसीटसाठी पोलिसांनी अडवलेल्या आमच्या पिढीला हेवा वाटेल.

फोन खिशात ठेवायचा, तर दिशा कशी कळणार? जुन्या शहराभोवती पाण्याचा वेढा आहे, आउडेग्राख्त हा कालवा त्याच्यामधून साधारण उत्तर-दक्षिण जातो, आणि 112 मीटर उंचीचा डोम या मोठ्या चर्चचा मनोरा पुष्कळ ठिकाणांहून दिसतो. (मनोरा चर्चपासून सुटा का, असा प्रश्न तुला पडेल: मधला भाग 1674 च्या वादळात कोसळला आणि पुन्हा बांधलाच नाही.) क्रोमे न्यूवेग्राख्तवर मात्र मनोऱ्याचा भरवसा धरू नकोस; तो रस्ता इतका वाकडा आहे की मनोरा कधी या हाताला तर कधी त्या हाताला येतो.

विद्यापीठाचा परिसर शहराच्या पूर्वेला आहे आणि वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून वाहतो, म्हणजे सकाळी तो पाठीशी असेल आणि संध्याकाळी दमलेली असताना तोंडावर येईल. सकाळी लागलेल्या वेळावरून परतीचा हिशेब करू नकोस. जाताना बिल्टस्ट्राटवरून गेलीस तर पुढे बेरेकाउलचा चौक लागेल, जिथे मोटारी आणि सायकली वेगवेगळ्या पातळीवरून जातात. सायकलींची खरी गर्दी पाहायची असेल तर हा रस्ता चांगला. पण पहिल्या दिवशी जरा लांबचा, विल्हेल्मिना बागेकडचा रस्ता घे. मालीबानवरूनही एकदा अवश्य जा. नेदरलँड्समधला पहिला सायकलमार्ग 1885 मध्ये तिथेच झाला.

तरीही हे सारे परंपरेने आपोआप टिकले, असे समजू नकोस. 1971 साली त्या देशात तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यावरच्या अपघातांत मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यानंतर ‘बालहत्या थांबवा’ या नावाने आईबाप रस्त्यावर उतरले, 1973 च्या तेलटंचाईत रविवारी मोटारी बंद राहिल्या, आणि हळूहळू धोरण बदलले. उट्रेख्टमध्येच शहराभोवतीच्या पाण्याचा काही भाग काढून मोटारींचा महामार्ग केला होता. तिथे 2020 मध्ये पुन्हा पाणी आले.

कुलपे दोन लाव, एक चाकाला आणि एक साखळीचे, पक्क्या खांबाला. कोणी रस्त्यात अगदी स्वस्तात सायकल देऊ केली तर ती चोरीची समज. घेणाराही गुन्हेगार ठरतो. स्टेशनखालच्या वाहनतळात 12,500 सायकलींची जागा आहे आणि पहिले 24 तास फुकट असतात, पण रांगेचा क्रमांक लिहून ठेवल्याशिवाय वर येऊ नकोस.

सायकल घेतलीस की तिच्या ब्रेकचा प्रकार आणि चौकटीची उंची कळव, म्हणजे आईने शिवायला घेतलेल्या पावसाळी कोटाची लांबी ठरवता येईल. टोपी शिवू नकोस असे मी तिला सांगितले आहे, कारण मोठ्या टोपीने मान वळवल्यावर मागचे दिसत नाही.

तुझा,
बाबा