गेमची मर्यादा आणि आईचा फोन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या ऑनलाइन गेमला मर्यादा घाला, असे पालकसभेत हल्ली हमखास ऐकवतात. घालायची कशी, ते क्वचितच सांगतात. फार तर गूगलच्या फॅमिली लिंक या पालकांसाठीच्या अ‍ॅपचे नाव घेतात. ते चांगलेच आहे, पण चालते मुलाच्या स्वतंत्र गूगल खात्यावर. आपल्याकडे पाचवी-सहावीतले मूल बहुधा आईच्या फोनवर, आईच्याच खात्यातून खेळते. तिथे फॅमिली लिंक लागूच होत नाही. डिजिटल वेलबीइंग या फोनमधल्याच सोयीच्या टायमरला बहुतेक फोनवर पिन नसतो. वेळ संपली की मूलच सेटिंगमध्ये जाऊन तो काढून टाकते.

अशा घरांनी फोनमधलेच अ‍ॅप लॉक वापरावे. गेम, प्ले स्टोअर आणि यूपीआय, तिन्हींना स्क्रीन लॉकपेक्षा वेगळा पिन द्यावा. त्याआधी फोनमध्ये बोटांचे कोणकोणते ठसे नोंदवले आहेत ते पाहावे. सोय म्हणून मुलाचाही अंगठा घेतलेला असतो. मग प्ले स्टोअरवर प्रत्येक खरेदीला पडताळणी लावली तरी यूसी किंवा डायमंड (गेममधले विकतचे चलन) घेताना तोच अंगठा चालतो. तिथे साठवलेले कार्ड काढून टाकावे. यूपीआय लाइटवर १,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो, तेव्हा मुलाच्या हाती जाणाऱ्या फोनवर ते बंद असलेले बरे.

आता वेळेचे. ‘वीसच मिनिटे हं’ हे बीजीएमआय या लढाईच्या मोबाइल गेमला परवडत नाही. एरँगल नकाशावरचा सामना शेवटपर्यंत टिकला तर सुमारे अर्धा तास चालतो. मध्येच फोन हिसकावला की चौघांच्या स्क्वॉडमधला गडी कमी होतो, रँक घसरते आणि बाकीचे तिघे दुसऱ्या दिवशी शाळेत ऐकवतात. घरातली आदळआपट पुष्कळदा त्याचीच असते, आणि मुलाचे तिथे अगदीच चुकते असे नाही. म्हणून सामने ठरवून द्यावेत: शाळेच्या दिवशी एक मोठा, नाहीतर दोन टीडीएम (दोन संघांतले छोटे सामने), जे दहा-दहा मिनिटांत आटोपतात. जेवायला पाऊण तास उरला नसेल तर मोठा सामना सुरूच करायचा नाही. सामना संपल्यावर लॉबीतूनच, म्हणजे पुढचा सामना लावायच्या पडद्यावरूनच, फोन परत. ‘पुढचा लावलाय’ ऐकायचे नाही.

बीजीएमआयने १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा घातली आहे. शाळेच्या दिवशी तीन तास म्हणजे अभ्यासही गेला आणि मैदानही. शिवाय आईच्या खात्यावरून खेळणारे मूल तिथे प्रौढच ठरते. २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणली. स्किन (पात्राचे, शस्त्राचे रंगरूप) आणि क्रेट (नशिबाने वस्तू देणारी पेटी) यांची खरेदी त्या बंदीबाहेर आहे. निदान फोनमधल्या टायमरला पालकांचा पिन सक्तीचा करावा, एवढे तरी सरकारने फोन कंपन्यांना सांगावे.

– एक संगणकशिक्षक, सातारा