तुला "मराठा"लाच का भरून आलं

मनू,

काल फोनवर म्हणालीस ना, २६ जानेवारीला फ्रँकफर्टच्या कॉन्सुलेटमध्ये राष्ट्रगीत सुरू झालं आणि "मराठा" आल्यावर घसाच दाटला, मग स्वतःचंच हसू आलं, कारण शाळेत दहा वर्षं रोज म्हटलं तेव्हा कधी काही वाटलं नव्हतं. अगं तेव्हा कसं वाटणार, तुझं सगळं लक्ष पुढच्या मुलीच्या वेणीत! पहिलीत तर "उच्छल जलेबी तरंग" म्हणायचीस.

मला विचारशील तर ती ओळ म्हणजे नुसती हजेरी आहे. पंजाब सिंध गुजरात मराठा द्राविड उत्कल बंग. सहलीच्या बसमध्ये बाई नावं घेतात तसं, आपलं येईपर्यंत कान तिकडेच. इथे घरी असताना कोण कशाला ऐकतंय, पण परक्या गावात कोणी नाव पुकारलं की आतून "हजर" निघतंच. (टागोरांनी स्वतःचा बंगाल शेवटी ठेवलाय, यजमान शेवटच्या पंगतीला बसतो तसा, मला आपलं वाटतं हं.)

आता सिंधचं ऐक. गाणं पहिल्यांदा म्हटलं गेलं १९११ ला कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात, आणि राष्ट्रगीत म्हणून ठरलं २४ जानेवारी १९५० ला, म्हणजे तोवर सिंध पाकिस्तानात जाऊन अडीच वर्षं झालेली, तरी शब्द राहिला. उल्हासनगरला आमच्या समोर एक सिंधी आजी राहायच्या, फाळणीत कराचीहून बोटीने आलेल्या. १५ ऑगस्टला टीव्हीवर राष्ट्रगीत लागलं की डोक्यावर ओढणी घेऊन उभ्या राहायच्या, पाठ काही नव्हतं, नुसतं गुणगुणणं, पण "सिंध" मात्र खणखणीत, आणि पुढे परत गुणगुण. २००५ ला कोणीतरी तो शब्द काढा म्हणून सुप्रीम कोर्टात गेलं होतं. कोर्टाने साफ नाही म्हटलं, राष्ट्रगीत म्हणजे काही देशाच्या हद्दीची नोंद नव्हे म्हणून. मी माहेरी गेले होते तेव्हाच, बातमी मीच वाचून दाखवली. काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सणवार काही नसताना दालपकवानाचं ताट आलं.

एक मात्र मला सुटत नाहीये, तुझ्या रूममेटला विचारून सांग. ती मणिपूरची, तिचं नाव त्या हजेरीत कुठेच नाही, मग तिला कुठल्या शब्दाला भरून येतं?

आणि डिंकाचे लाडू पोचले का? डबा परत नकोय.

आई