बंदा रुपया आणि चवली

गिरगाव, मुंबई
दि. 9 नोव्हेंबर

प्रिय सदानंद,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. निवृत्तीच्या पैशातील थोडी रक्कम बाजूला काढून पंचम जॉर्जच्या रुपयांची 1911 ते 1922 ही मालिका पुरी करण्याचा तुझा बेत वाचून आनंद झाला. मात्र पत्राच्या शेवटी ‘फक्त बंदे रुपये बघ, चवल्या-पावल्यांची चिल्लर नको’ असे जे तू बजावले आहेस, त्यावर तुझ्याशी थोडे भांडायचे आहे, कारण हीच अट मी स्वतः वीस वर्षे पाळली आणि तिची किंमत मोजली.

फोर्टमधील ज्या दुकानात मी नेहमी जातो, तेथे रुपये काचेखाली लाल मखमलीवर ओळीने मांडलेले असतात आणि दोन आण्यांच्या चवल्या मात्र स्टीलच्या वाटीत, चहाच्या साखरेसारख्या पडलेल्या असतात. रुपया तळहातावर ठेवला की 11.66 ग्रॅम चांदीचे वजन जाणवते, बोटावर उडवला की खणखणीत वाजतो आणि राजाची दाढी चष्म्याशिवाय दिसते. आठ आण्यांची अधेली बरोबर त्याच्या निम्मी, चार आण्यांची पावली अधेलीच्या निम्मी आणि चवली पावलीच्या निम्मी, म्हणजे अवघी 1.46 ग्रॅम. धातू तोच, राजा तोच, पण चवलीचा व्यास जेमतेम 15-16 मिलिमीटर असल्यामुळे ती हातात घेतली तरी काही घेतल्यासारखे वाटत नाही. आपण दुर्मिळता आणि इतिहास पाहून नाणी घेतो असे एकमेकांना कितीही सांगत असलो, तरी माझ्या मते निर्णय बहुतेक वेळा तळहात आणि डोळे देऊन मोकळे होतात, आणि इतिहास त्यांच्या मागून कारणे पुरवतो.

याचे उत्तम उदाहरण तुझ्याच यादीतील पहिले नाणे आहे. 1911 च्या रुपयावर राजाच्या झग्यावरील हत्तीची सोंड इतकी आखूड उतरली, की लोकांना तो हत्ती डुकरासारखा दिसला. ओरड झाली, नाणी परत घेण्यात आली आणि 1912 पासून हत्ती दुरुस्त झाला. बाजारात ज्याला ‘पिग रुपी’ म्हणतात तो हाच, आणि त्याच्यासाठी गिऱ्हाइके रांग लावतात. पण तोच ओशाळवाणा हत्ती 1911 च्या अधेलीवर, पावलीवर आणि चवलीवरही आहे! चवलीवर तो पाहायचा तर दहापटीचे भिंग घेऊन खिडकीपाशी बसावे लागते. मी तसा बसलो आहे. तिरपा उजेड पडला की खांद्याच्या खाली तिळाएवढा उंचवटा दिसतो, त्याला पाठ असते, पोट असते आणि सोंडेच्या जागी एक हट्टी टोक असते. एवढे कष्ट कोण घेणार, म्हणून ती वाटीतच राहते.

आता खरी गोम ऐक. रुपया घरात साठवला जाई, गाडग्यात पुरला जाई, फार तर कडी डकवून गळ्यात घातला जाई, आणि त्या कडीचा डाग असलेला रुपया आज आपण नाकारतो. चवली मात्र वाण्याच्या गल्ल्यातून भाजीवालीच्या कनवटीला आणि तेथून पुन्हा वाण्याकडे अशी फिरत राहिली. पहिल्या महायुद्धात चांदी महागली आणि 1918 पासून तिच्या जागी तांबे-निकेलची चौकोनी चवली आली, तोवर बहुतेक चांदीच्या चवल्यांवरील मुकुट घासून सपाट झाले होते. त्यामुळे कोरी करकरीत चवली मिळणे कोऱ्या रुपयापेक्षा अवघड आहे, तरीही मागणी नसल्यामुळे भाव त्या मानाने चढत नाही. बारा वर्षांपूर्वी मला 1911 ची अशी एक चवली दाखवण्यात आली होती. ‘काका, ही सोडू नका,’ असे दुकानातल्या मुलाने सांगूनही मी त्याच पैशात 1918 चा रुपया घेतला, जो कोणत्याही दुकानात पैशाला पासरी मिळतो, कारण तो मोठा होता. तशी चवली पुन्हा दिसायला मला दहा वर्षे लागली.

नाण्यावर छापलेला आकडा ही आणखी एक भूल. 1918 साली आपल्या मुंबईच्या टांकसाळीत दोन सोन्याची नाणी पडली: एक सॉव्हरिन, म्हणजे ब्रिटिशांचे सोन्याचे पौंडाचे नाणे, आणि दुसरी पंधरा रुपयांची मोहोर. वजन तेच, सोने तेच. पण सॉव्हरिनवर किंमत लिहिलेलीच नाही आणि मोहोरेवर ‘15 रुपये’ स्पष्ट आहे, म्हणून पहिले नाणे सराफही मागतो आणि दुसऱ्यासाठी तुझ्या-माझ्यासारखे खुळे झुरतात. हल्लीच्या स्मारक नाण्यांत तर आकडा हा केवळ वाढदिवसाचा केक झाला आहे. टागोरांच्या 150 व्या जयंतीचे 150 रुपयांचे आणि 2023 मधील नव्या संसद भवनाचे 75 रुपयांचे, दोन्ही नाणी 44 मिलिमीटर आणि 35 ग्रॅमचीच आहेत, तरीही मोठ्या आकड्याचे नाणे अधिक मोलाचे असणार असे धरून चालणारे मला दर प्रदर्शनात भेटतात.

मोठ्या नाण्यांचा मी द्वेष्टा नाही, हेही कबूल करतो. परदेशी व्यापारासाठी येथे पाडलेला, 39 मिलिमीटरचा ब्रिटिश ट्रेड डॉलर माझ्या कपाटात आहे. त्यावरील ब्रिटानियाच्या, म्हणजे ब्रिटनचे प्रतीक असलेल्या देवीच्या, त्रिशूळावरील ‘बी’ हे मुंबईचे अक्षर पाहिले की अजूनही उर भरून येतो. मात्र फोनच्या पडद्यावर डॉलर आणि चवली सारख्याच दिसतात, हे विसरून मागवू नकोस. माझ्या नातवाने एकदा तसे केले आणि पाकीट रिकामेच आले म्हणून तो विक्रेत्याला फोन करायला निघाला होता. नाणे पाकिटाच्या कोपऱ्यात होते.

व्यवहाराची गोष्ट एवढीच, की चवली विकायला गेलास तर गिऱ्हाईक लवकर मिळणार नाही, रुपया मात्र संध्याकाळपर्यंत जातो. ज्या पैशाची पुढे गरज पडेल तो रुपयांतच घाल. तुझे 1912 ते 1920 मी येत्या शनिवारी पाहून ठेवतो. 1921 आणि 1922 ला वेळ लागेल. आणि ती दुसऱ्यांदा भेटलेली चवली मी या वेळी सोडली नाही. वहिनींना घेऊन येशील तेव्हा सकाळी ये, दुपारनंतर आमच्या खिडकीत उजेड राहत नाही.

तुझा,
विनायक