आई-बाबा, रविवारी मी काय करते ते

प्रिय आई-बाबा,
सा. न.

आई, तू परवा फोनवर विचारलंस ना, की कॉलेज आणि अभ्यास सोडून उरलेल्या वेळात तू तिकडे एकटी करतेस तरी काय. फोनवर ते सांगून होण्यासारखं नाहीये म्हणून लिहितेय. बाबांना मोठ्याने वाचून दाखव.

आठवडा लेक्चर आणि असाइनमेंटमध्ये जातो, शनिवार कपडे धुण्यात आणि किराण्यात, पण रविवार माझा. सकाळी उठल्या उठल्या रेडिओ लावते, ९०.७ एफएम, डब्ल्यूडब्ल्यूओझेड नावाचं इथलं, न्यू ऑर्लीन्सचं स्टेशन, गाणी लावणारे बहुतेक हौशी लोक, पगार न घेता येऊन बसतात आणि आपल्या आवडीचं जॅझ ऐकवतात. मग आवरून सेंट चार्ल्स रस्त्यावरची हिरवी ट्राम पकडायची, सव्वा डॉलर तिकीट. बाबा, या ट्रामचे डबे १९२३-२४ चे आहेत आणि अजून रोज धावतात, तुम्ही आलात की मोटरमनच्या मागची सीट सोडणार नाही हे मला आत्ताच माहितीये.

ट्राममधून उतरून फ्रेंच क्वार्टरमधून चालत गेलं की काँगो स्क्वेअर लागतो. दगडी फरशी आणि मोठी जुनी झाडं, बघायला एवढंच आहे. पण आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांना या गावात रविवारी दुपारी कामातून सुट्टी असायची आणि ते इथे जमून ढोल वाजवायचे, नाचायचे, थोडाफार बाजार करायचे. १८१७ साली शहराने नियमच केला की जमायचं तर एकाच ठरलेल्या जागी, ती ही जागा. बाकी सहा दिवस दुसऱ्याचे आणि एक दुपार आपली, त्या दुपारी त्यांनी आपापल्या गावचे ताल जिवंत ठेवले, आणि पुढे याच गावात जॅझ तयार झालं त्यात ते ताल आहेत. मी तिथे बाकावर बसते तेव्हा हे डोक्यात असतं आणि मग मला रविवार फुकट गेला असं अजिबात वाटत नाही.

उन्हाळा सरला की बऱ्याच रविवारी कुठल्या ना कुठल्या वस्तीतून सेकंड लाइन नावाची मिरवणूक निघते. पुढे क्लबची माणसं एकसारख्या रंगाच्या सुटात, मागे ब्रास बँड, आणि त्याच्या मागे जो येईल तो, हातात रुमाल नाहीतर छत्री घेऊन नाचत, तीन-चार तास चालतं. हे क्लब म्हणजे मुळात गरीब काळ्या लोकांनी वर्गणी काढून एकमेकांचं आजारपण आणि अंत्यविधी निभावायला काढलेल्या मंडळांतून आले. अंत्ययात्रेलाही बँड असतो, स्मशानापर्यंत अगदी संथ भजनासारखं वाजवतात आणि माणसाला निरोप दिला की तोच बँड नाचायचं वाजवायला लागतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला कसंतरीच झालं, आता समजतं.

बाबा, तुम्ही म्हणाल सगळे एकदम वाजवतात तर तो गोंगाटच की. तसं नाहीये. ट्रंपेटवाला मूळ चाल धरून असतो, क्लॅरिनेट तिच्या वरून फिरतं, ट्रॉम्बोन खालून भरत जातं, प्रत्येकजण तिथल्या तिथे सुचेल ते वाजवतो पण दुसऱ्याचं ऐकत. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीला तुम्ही मला मांडीवर घेऊन रात्र रात्र बसायचात ना, गवई लांब कुठेतरी जाऊन बरोबर समेवर येतो आणि सगळ्यांची मान एकदम हलते, ते मला इथे पहिल्याच दिवशी ओळखू आलं. ऐकायची सवय तुम्ही लावलीत, म्हणून तर हे आवडलं.

आता स्वप्नाचं सांगते. आल्यावर खोलीत अॅमट्रॅकचं, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवासी रेल्वेचं, टाइमटेबल काढून बसते, तुमच्यासारखीच. सिटी ऑफ न्यू ऑर्लीन्स नावाची गाडी आहे, दुपारी इथून सुटते, आधी दलदल आणि पाँचरट्रेन सरोवराच्या कडेने, मग सगळं मिसिसिपी राज्य ओलांडत रात्री मेम्फिस आणि सकाळी शिकागो, सुमारे १५०० किलोमीटर. ८ ऑगस्ट १९२२ ला एकवीस वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग, पुढे जगभर गाजलेला जॅझचा ट्रंपेटवाला, याच गावातून आगगाडीने शिकागोला निघाला, त्याचे गुरू किंग ऑलिव्हर यांनी बँडमध्ये बोलावलं होतं म्हणून. काळ्या माणसाला वाटेत कुठे बसून जेवता येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून आईने त्याच्यासोबत ट्राउट माशाचं सँडविच बांधून दिलं होतं. मला त्या वाटेने जायचंय, आणि तुम्हाला घेऊन जायचंय. शिकागोहून पुढे न्यूयॉर्क, तिथे क्वीन्समध्ये लुईचं घर आहे. एवढं नाव झाल्यावरही तो १९४३ पासून शेवटपर्यंत त्या साध्या वस्तीतच राहिला, आणि आई, त्या घरातलं किचन सगळं निळं-हिरवं आहे, कपाटांची दारंसुद्धा, फोटो बघूनच मला तुझी आठवण आली.

बाबा, 'अलबेला'ची कॅसेट तुम्ही किती वाजवायचात. १९५१ चा तो पिक्चर, संगीत आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं, आणि त्यांच्यासोबत काम करणारा गोव्याचा ट्रंपेटवाला चिक चॉकलेट, खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ, त्याला लोक हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. म्हणजे इथलं हे सगळं मिरजेत आपल्या घरी आधीपासून वाजतच होतं. तुम्हाला न्यू ऑर्लीन्स परकं वाटणार नाही असं मी म्हणते ते म्हणून.

मे महिन्यात माझा पदवीचा समारंभ आहे. शिकागोची ती गाडी दुमजली असते पण झोपायच्या खोल्या खालच्या मजल्यावरही असतात, आईच्या गुडघ्यांना जिना नको, मी बघून ठेवलंय, आणि जेवण तिकिटातच. पैशाचं माझ्यावर सोडा, कॅम्पसवरच्या नोकरीतले बाजूला काढतेय. आईचा पासपोर्ट संपत आलाय, तो फॉर्म या आठवड्यात भरा, दादाला सोबत न्या, आणि व्हिसाचा फोटो काढताना आई चष्मा काढ, घालून चालत नाही. पासपोर्ट आला की लगेच व्हिसाची तारीख घेऊ.

इथे सोमवारी घरोघरी राजमा-भात असतो, पूर्वी सोमवार धुण्याचा दिवस, पातेलं मंद आचेवर ठेवून बायका धुणं उरकायच्या. मी आपला गोडा मसाला घालून करते. मसाला संपलाय, येताना आणा.

तुमची,
धाकटी