अव्याला, रिलोडिंगच्या सामानाबद्दल

पिट्सबर्ग, पेनसिल्व्हेनिया

प्रिय अव्या,

रिलोडिंगच्या, म्हणजे उडालेल्या काडतुसांच्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरण्याच्या, सामानाची तुझी यादी वाचली. दुकानदाराने तुला चांगलंच हेरलंय. पहिल्याच ओळीत प्रोग्रेसिव्ह प्रेस, म्हणजे पुंगळ्या दाबून भरायचं मोठं यंत्र, आणि वजनकाटा मात्र तळाला, तोही सगळ्यात स्वस्तातला. ही यादी उलटी धर. पैसे मोजमापाच्या वस्तूंवर घाल, प्रेस साधी असू दे.

प्रोग्रेसिव्ह यंत्र वाईट नसतं. पिस्तुलाच्या स्पर्धांत उतरणारे लोक आठवड्याला शेकड्यांनी काडतुसं उडवतात, त्यांना ते लागतंच. एकदा दांडा ओढला की चार-पाच ठिकाणी चार-पाच कामं एकदम होतात. पण नवख्या माणसाची नजर एका वेळी एकाच कामावर राहते. तुझी .३०८ ची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल (दर बाराला हाताने बोल्ट ओढायची), वर्षाकाठी थोडी रानडुकरं, एखादं हरीण आणि रेंजवरचा सराव. तुला सिंगल स्टेजच हवी: एक डाय (पुंगळीवर काम करणारा साचा) लावायची, सगळ्या पुंगळ्यांवर तेवढंच काम करायचं, मग दुसरी डाय. आरसीबीएसची रॉक चकर घे, लीची क्लासिक कास्ट घे किंवा हॉर्नडीची घे, काही बिघडत नाही. बहुतेक सगळ्या डायचे आटे ७/८-१४ या एकाच मापाचे असतात, त्यामुळे एका कंपनीची डाय दुसरीच्या प्रेसमध्ये बसते. उद्या मोठी प्रेस घ्यावीशी वाटली तरी डाय वाया जात नाहीत.

मागे तू विचारलं होतंस ते आता सांगतो. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं तेव्हा तुझा प्रश्न होता की हे लोक गोळ्या घरी भरतात का. नाही भरत. ती .२२ रिमफायर. तिचं पेटतं रसायन पुंगळीच्या काठात असतं आणि रायफलची पिन त्या काठालाच ठेचते, म्हणजे पुंगळी कामातून गेली. .३०८ मध्ये प्रायमर, म्हणजे पावडर पेटवणारी टिकली, बुडाच्या मध्यभागी वेगळा बसवलेला असतो, तो काढून नवा घालता येतो. गंमत म्हणजे आरसीबीएस ही कंपनीच .२२ च्या टाकाऊ पुंगळ्यांवर उभी राहिली. १९४३ साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावात फ्रेड हंटिंग्टन या गृहस्थाने त्या पुंगळ्यांना बुलेटचं आवरण करणारी डाय बनवली. तिथल्या रॉक चक नावाच्या प्राण्याची शिकार करायला बुलेट हव्या होत्या, म्हणून 'रॉक चक बुलेट स्वेज', आणि त्याचं झालं आरसीबीएस.

डायच्या जोडीत एक साइझिंगची आणि एक बुलेट बसवण्याची. बार उडाला की पुंगळी फुगून तुझ्या चेंबरच्या मापाची होते, साइझिंग डाय तिला परत आवळते आणि तिची पिन जुना प्रायमर ढकलून देते. पुंगळीची फक्त मान आवळणाऱ्या डायही मिळतात, पण शिकारीच्या ऐन वेळी बोल्ट अडला तर काय करशील? पूर्ण पुंगळी आवळणारी फुल लेंग्थच घे. वंगणाची डबीही त्याच खरेदीत टाक. पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांना अतिकठीण कार्बाइडची डाय चालते आणि वंगण लागत नाही. ते वाचून रायफलची पुंगळी कोरडीच आत घालणारे खूप आहेत. ती अशी अडकते की काढायला वेगळं अवजार आणावं लागतं. वंगण फासायचंही नाही, बोटाला लागेल इतकंच. जास्त झालं की पुंगळीच्या खांद्यावर खळगे पडतात.

आता काटा. पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, ग्रेनमध्ये मोजतात. एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन साधारण ६५ मिलिग्रॅमचा, आणि आपल्याला त्याच्याही दहाव्या भागाची फिकीर करायची आहे. हा सोनाराचा काटा समज. मी दांडीचा काटा घे म्हणेन. तो संथ आहे, पण त्याला बॅटरी लागत नाही आणि त्याचं शून्य आपोआप सरकत नाही. इलेक्ट्रॉनिक काटा पंख्याच्या वाऱ्याने, खोली तापल्याने, कधी शेजारच्या मोबाइलनेही आकडा बदलतो. कुठलाही घेतलास तरी तपासणीची वजनं वेगळी घे, बसण्याआधी लावून बघ. काड्यांसारख्या दाण्यांची पावडर मापयंत्रातून टाकताना दाणे मध्येच कापले जातात आणि माप कमीजास्त होतं. म्हणून थोडी कमी टाकायची आणि उरलेली ट्रिकलरने काट्यावर दाणा-दाणा वाढवायची. मापयंत्र नंतर घेतलंस तरी चालेल. सगळ्या भरून झाल्या की लाकडी ठोकळ्यात उभ्या करून बॅटरीच्या उजेडात आत डोकावायचं, सगळ्यांची पातळी सारखी दिसली पाहिजे. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा. हे मी तुला भेटेन तेव्हा परत सांगणार, कंटाळलास तरी.

लांबी मोजायला चांगला कॅलिपर हवाच. पुंगळी दर बाराला लांबते. .३०८ ची कमाल लांबी २.०१५ इंच, कापून २.००५ वर आणायची. लांब राहिली तर चेंबरच्या तोंडाशी मान बुलेटला चिमटते आणि दाब भलताच वाढतो. त्यासाठी लीचं साधं हातकटर पुरे. प्रायमर बसवायला हातात धरायचं यंत्र घे, नीट बसला की नाही ते बोटांना कळतं. डोळ्यांवर चष्मा हवाच. पुंगळ्या घासून चकाकवणारा स्टीलच्या पिनांचा आणि पाण्याचा टम्बलर आत्ता नको, चकाकीने नेम सुधारत नाही. मात्र पुंगळ्या धुवायला वहिनींचा डिशवॉशर वापरायचा नाही! प्रायमरच्या काजळीत शिसं असतं. त्याच कारणाने स्वयंपाकघरात यातलं काहीच नको, आणि काम झालं की हात साबणाने धू.

भरण्याच्या मापांची पुस्तकं दोन घे, लायमनचं आणि हॉर्नडीचं, आणि पावडर कंपनीचे आकडे त्यांच्याशी ताडून बघ. सुरुवात नेहमी पुस्तकातल्या खालच्या आकड्यापासून. माझं माप मागू नकोस, ते माझ्या रायफलचं आहे. मी देणार नाही. इतर कोणाचंही घेऊ नकोस आणि कोणाची भरलेली काडतुसंही वापरू नकोस.

पैसे वाचतील असं वहिनींना सांगितलं असशील तर ते शब्द मागे घे. वाचलेल्या पैशांचे बारच जास्त उडतात. फायदा एवढाच की तुझ्या रायफलला काय आवडतं ते शोधता येतं. शिवाय ऑनलाइन पावडर-प्रायमर मागवले की घातक मालाचा वेगळा आकार पडतो, म्हणून पुस्तकातलं माप निवडण्याआधी जवळच्या दुकानात कुठली पावडर नियमित येते ते बघून ये. २०२० नंतर इथे प्रायमरची फळी रिकामीच असायची.

ग्रीन कार्ड आल्याने तुझी एक कटकट गेली. एच-वन व्हिसावर असताना शिकारीचा वैध परवाना वगैरे अपवाद सोडला तर काडतूस बाळगणंही गुन्हा होता. स्वतःपुरतं भरायला फेडरल परवाना लागत नाही, विकायचं ठरवलंस तर लागतो. पावडर मूळ डब्यातच ठेव. घरातल्या साठ्यासाठी एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेची मर्यादा साधारण २० पौंड पावडरची आणि १०,००० प्रायमरची आहे, तुला त्याच्या जवळपासही जायचं नाही, पण तुझ्या गावचे आगीचे नियम एकदा विचारून घे. आणि हे पुण्याला सांगताना जपून. तिकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं शस्त्र कायद्याखाली येतं, काका उगाच घाबरतील.

रेंजवर पडलेल्या पुंगळ्या गोळा करू नकोस. लष्करी असल्या तर प्रायमरभोवती क्रिंप (ठेचून आवळलेली कड) असतो, तो काढावा लागतो, आणि काहींच्या बुडाला दोन छिद्रं असतात, त्यांत डायची पिन मोडते. तुझ्याच दुकानी काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या एका छापाच्या एका डब्यात अशा साठव. पावडर-प्रायमर अजून घेऊ नकोस, आधी पुस्तकातली सुरुवातीची प्रकरणं वाच आणि सुधारलेली यादी मला पाठव.

तुझा,
शिऱ्या